पंचवीस मिनिटांचा धंदा

(मंडळाच्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. अनेक सभासदांनी मागितला म्हणून अंकासाठी लिहून दिला आहे. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



पुरणपोळीच्या जेवणानंतर भाषण ठेवणाऱ्या आपल्या कार्यकारिणीच्या धाडसाला आधी दाद देते. कोणाचा डोळा लागला तर मी रागावणार नाही, फक्त घोरणाऱ्याला शेजाऱ्यानं हलकेच कोपर मारावं.

मी वैमानिक नाही आणि विमान कंपनीतही नव्हते. विमानं भाड्यानं देणाऱ्या एका कंपनीच्या हिशेब खात्यात मी बावीस वर्षं काढली. जगातली जवळजवळ निम्मी प्रवासी विमानं आज भाड्याची आहेत. शेपटीवर नाव एकाचं असतं, मालक दुसराच असतो. विमान उडो न उडो, भाडं दर महिन्याला द्यावंच लागतं. त्यामुळे मी या कंपन्यांकडे बघते ती घरमालकीण भाडेकरूकडे बघते तशी. भाडेकरूचे कपडे किती झकपक आहेत यापेक्षा पुढच्या महिन्याचं भाडं येणार की नाही, हा माझा प्रश्न.

स्वस्त विमान कंपनी स्वस्त कशी, असं विचारलं की आपल्यातले नव्वद टक्के लोक म्हणतात, 'जेवण देत नाहीत ना!' अहो, एका सँडविचमध्ये किती पैसे वाचणार? खरा पैसा दुसरीकडे आहे. हे गणित आपण इथेच करून बघू.

समजा दीड तासाची फेरी आहे आणि विमान सकाळी सहा ते रात्री दहा असं सोळा तास वापरायचंय. उतरल्यावर माणसं उतरवणं, झाडलोट, इंधन, नवी माणसं चढवणं यात एक तास गेला, तर दिवसात सहा फेऱ्या होतात. सातवी बसत नाही. तेच काम पंचवीस मिनिटांत उरकलं तर आठ फेऱ्या होतात. रायनएअरच्या बोइंग ७३७-८०० मध्ये १८९ जागा असतात, म्हणजे दिवसाला ३७८ जागा जास्त विकायला मिळाल्या. विमान तेच आणि भाडंही तेच. माझ्या भाडेकरूचा धंदा या पंचवीस मिनिटांवर चालतो. जेवण नाही कारण ट्रॉल्या भरायला वेळ जातो आणि उष्टं-खरकटं साफ करायलाही जातो. रायनएअरच्या विमानात समोरच्या सीटला खिसा नसतो, कारण खिशात कचरा साठतो आणि तो काढायला माणूस लागतो. सुरक्षेच्या सूचना सीटच्या पाठीवरच चिकटवलेल्या असतात. बघा एकदा. कंजूषपणा वाटतो, पण त्यामागे घड्याळ आहे.

ही युक्ती मूळची अमेरिकेतली. टेक्सासमधल्या साउथवेस्ट या कंपनीनं १९७१ मध्ये उड्डाणं सुरू केली. पैशांची चणचण इतकी, की १९७२ मध्ये चारपैकी एक विमान विकावं लागलं. वेळापत्रक मात्र चार विमानांचंच ठेवायचं होतं. मग उरलेल्या तीन विमानांत ते बसवायला जमिनीवरचा वेळ दहा मिनिटांवर आणला. गरजेपोटी काढलेली ही वाट पुढे सगळ्या जगानं धरली.

आता आपल्या अंगणातल्या दोघांकडे येऊ.

रायनएअर आयर्लंडमध्ये १९८४ मध्ये स्थापन झाली. टोनी रायन हे तिच्या संस्थापकांपैकी एक, आणि ते स्वतः विमानं भाड्यानं देण्याच्या धंद्यातले मोठं नाव. पण भाड्याचं गणित कळणाऱ्या माणसालाही विमान कंपनी चालवणं सोपं गेलं नाही. सुरुवातीची काही वर्षं कंपनी तोट्यातच होती. तेव्हा रायनसाहेबांनी आपला तरुण मदतनीस मायकेल ओ'लिअरी याला साउथवेस्टचं काम बघायला टेक्सासला पाठवलं. तो जे शिकून आला ते त्यानं साउथवेस्टपेक्षाही कडकपणे अमलात आणलं. १९९४ पासून कंपनीची सूत्रं त्याच्याकडे आहेत. अमेरिकेतल्या ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर विमानप्रवास कोसळला आणि सगळे हात आखडून बसले होते. जानेवारी २००२ मध्ये या गृहस्थानं बोइंगकडे १०० विमानांची मागणी नोंदवली. गिऱ्हाईक नसलेल्या दुकानात एकटा गिऱ्हाईक शिरला की भाव कोण ठरवतो, हे तुळशीबागेत खरेदी केलेल्या बायकांना मी सांगायला नको.

इझीजेटचा जन्म १९९५ चा, आपल्या ल्यूटनचा. स्टेलिओस हाजी-आयोआनू हा जहाजवाल्या घराण्यातला तरुण. दोन भाड्याची विमानं, ल्यूटनहून ग्लासगो आणि एडिंबरा, तिकीट २९ पौंड. विमानाच्या अंगावर भल्यामोठ्या आकड्यांत फोन नंबर रंगवलेला. एजंट नकोच, थेट फोन करा. एजंटाचं कमिशन वाचलं आणि जाहिरातीचा खर्चही.

इथपर्यंत दोघे सख्खे भाऊ वाटतात. एकाच जातीची विमानं, थेट विक्री, एका गावाहून दुसऱ्या गावी सरळ फेरी, पुढच्या विमानाला जोडून देण्याची भानगड नाही. फरक पडला तो एका प्रश्नावर: उतरायचं कुठे?

रायनएअर म्हणाली, जिथे आमची गरज आहे तिथे. पॅरिसला म्हणून बोव्हे, जे पॅरिसपासून ऐंशी किलोमीटरवर. ब्रसेल्सला म्हणून शार्लरुआ. फ्रँकफर्टला म्हणून हान, आणि ते तर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे 'पुण्याला चला' म्हणून लोणावळ्याला उतरवण्यापेक्षाही पुढची गोष्ट. पण ओस पडलेल्या विमानतळाला प्रवासी हवे असतात आणि तो जवळजवळ फुकटात जागा देतो. कधी वर पैसेही देतो. शार्लरुआनं दिलेल्या सवलतींवरून २००४ मध्ये युरोपियन आयोगानं काही रक्कम परत करायला सांगितली होती, आणि तो निर्णय २००८ मध्ये न्यायालयानं रद्द केला. गर्दी नसलेल्या विमानतळावर रांगेत थांबावं लागत नाही, म्हणजे पंचवीस मिनिटं पाळता येतात. सगळं एकमेकांत बसतं.

इझीजेटनं उलटी वाट धरली. गॅटविक, जिनिव्हा, ॲमस्टरडॅम, पॅरिसचे मुख्य विमानतळ. तिथलं भाडं जबर आणि गर्दी फार. पण तिथे सकाळी सातला निघून दहाच्या बैठकीला पोचू पाहणारा माणूस भेटतो, आणि तो चाळीस पौंड जास्त द्यायला तयार असतो. शिवाय गॅटविकसारख्या ठिकाणी उड्डाणाच्या वेळा मोजक्याच असतात. त्या एकदा हाताला लागल्या की प्रतिस्पर्ध्याला मिळत नाहीत. २००८ च्या सुरुवातीला इझीजेटनं जीबी एअरवेज ही कंपनी विकत घेतली, त्यात गॅटविकच्या या वेळांचा मोठा वाटा होता. दादर स्टेशनसमोरचा गाळा महाग का असतो, त्याचंच हे उत्तर.

यातली बरोबर कोण? मला विचाराल तर भाडेकरू म्हणून दोन्ही चालतील. रायनएअरचा खर्च इतका कमी आहे की भावाच्या लढाईत ती सगळ्यात शेवटपर्यंत उभी राहते. मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात तिनं २० कोटी प्रवासी नेले. तिच्या उत्पन्नाचा एक तृतीयांशाच्या आसपास भाग तिकिटाबाहेरून येतो, म्हणजे बॅगा, सीट निवडणं, विमानातली विक्री यांतून. इझीजेटचा खर्च जास्त, पण जागा मोक्याच्या, आणि २०१९ पासून तिनं सहलींचा धंदाही नव्यानं जोरात चालवलाय. आणि गंमत अशी, की पुढे दोघी एकमेकींच्या जवळ सरकल्या. रायनएअर हळूहळू मोठ्या विमानतळांवर गेली आणि २०१४ पासून जागा ठरवून द्यायला लागली. तिच्या ताफ्यात आता काही एअरबसही आहेत. इझीजेटनं तर २००२ मध्येच बोइंग सोडून १२० एअरबसची मागणी नोंदवली होती.

आपल्यासारख्यांसाठी हिशेब वेगळा होतो, तो घरी बसून करावा. नवरा-बायको, दोन मुलं, भारतातून आलेले आई-बाबा आणि तीन मोठ्या बॅगा. त्यातल्या एकीत अर्थातच भाजणी. बोव्हेचं तिकीट वीस पौंडांनी स्वस्त दिसतं. त्यात सहा जणांची बस, बॅगांचे पैसे, आजोबांना शेजारी बसवायचे पैसे मिळवा आणि मग ठरवा. एकटा विद्यार्थी, पाठीवर एक पिशवी: डोळे झाकून रायनएअर.

आता ज्यांना जमलं नाही त्यांच्याविषयी. ब्रिटिश एअरवेजनं १९९८ मध्ये 'गो' नावाची स्वतःची स्वस्त कंपनी काढली. ती चांगली चालली, आणि तीच पंचाईत झाली. डावा हात उजव्या हाताचं गिऱ्हाईक पळवायला लागला. २००१ मध्ये ती विकून टाकली, आणि पुढच्याच वर्षी इझीजेटनं ती ३७ कोटी ४० लाख पौंडांना घेतली. म्हणजे आपणच वाढवलेलं पोर प्रतिस्पर्ध्याच्या घरी गेलं.

भारतात याच्यापेक्षा वाईट झालं. कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन २००३ मध्ये बंगळूर-हुबळी या फेरीनं सुरू झाली. एक रुपयाची तिकिटं आठवत असतील. २००७ मध्ये ती किंगफिशरच्या हाती गेली. किंगफिशर म्हणजे थाटमाट, आणि डेक्कन म्हणजे साधी खानावळ. दोन्हींचा एकच संसार मांडला. डेक्कनचं 'किंगफिशर रेड' झालं. थाटाचा प्रवासी म्हणू लागला, अर्ध्या पैशात हेच नाव मिळतंय तर जास्त का देऊ? खर्च मात्र खानावळीचा राहिला नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरची सगळी विमानं जमिनीवर आली. कर्मचाऱ्यांचे कित्येक महिन्यांचे पगार थकले होते. आमच्या धंद्यात विमानं परत मिळवायची धावपळ चालली होती. पण आम्हाला निदान विमान परत मागता येत होतं. तिथल्या मेकॅनिकनं कोणाकडे काय परत मागायचं?

त्याच काळात इंडिगो मुकाट्यानं वाढत होती. एकही उड्डाण झालेलं नसताना २००५ मध्ये १०० एअरबसची मागणी, आणि ऑगस्ट २००६ मध्ये पहिली फेरी. शंभर विमानं एकदम घेतली की भाव उतरतो. विमान ताब्यात येताच ते भाड्याच्या कंपनीला बाजारभावानं विकायचं आणि तेच आपण भाड्यानं वापरायचं. मधला फरक खिशात. पाचसहा वर्षांनी मोठ्या दुरुस्त्यांची वेळ आली की विमान परत. म्हणजे ताफा कायम नवा आणि इंधनही कमी. घरमालकीण म्हणून सांगते, असा भाडेकरू हवाहवासा वाटतो. आज भारतातले दर तीन प्रवाशांपैकी जवळजवळ दोन तिच्याकडे आहेत.

पण इथेच मला जरा काळजी वाटते, आणि ते बोलल्याशिवाय खाली बसणार नाही. विमान जास्तीत जास्त वापरायचं म्हणजे माणूसही जास्तीत जास्त वापरायचा. विमान थकत नाही, वैमानिक थकतो. सप्टेंबर २०१७ मध्ये रायनएअरच्या वैमानिकांच्या रजांचं वेळापत्रक कोलमडलं. सहा आठवडे रोज चाळीस-पन्नास फेऱ्या रद्द करायची पाळी आली, आणि तीन लाखांवर प्रवासी अडकले. आयुष्यभर युनियनला दारात उभं न करणाऱ्या कंपनीला त्याच डिसेंबरात युनियनला मान्यता द्यायची तयारी दाखवावी लागली. भारतात २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम कडक झाले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर गेली, आणि रात्री उतरण्याच्या फेऱ्या सहावरून दोनवर आल्या. नियम आधीच जाहीर झालेले होते. तरी डिसेंबरात इंडिगोच्या हजारो फेऱ्या रद्द झाल्या. ऐन लग्नसराईत माणसं विमानतळांवर बॅगांवर डोकं ठेवून झोपली. शेवटी सरकारनं इंडिगोला त्या नियमांतून तात्पुरती सूट दिली. म्हणजे विश्रांती पुन्हा वैमानिकाचीच कापली गेली. आपल्या इथल्या मुलांपैकी दोघं-तिघं वैमानिक व्हायचं म्हणतायत. त्यांच्या आई-वडिलांनी नोकरी बघताना पगाराच्या आधी विश्रांतीचे तास विचारावेत.

भाषणानंतर प्रश्न आला तो अपेक्षितच होता. एका ताईंनी विचारलं, 'हे सगळं ठीक, पण आमचं मुंबईचं तिकीट कधी स्वस्त होणार? आई आजारी असली की उद्याचं तिकीट बघून घाम फुटतो.'

मंडईत संध्याकाळी भाजी स्वस्त होते, विमानाचं तिकीट शेवटी महाग होतं, कारण उद्या निघणाऱ्याला पर्याय नाही हे त्यांना ठाऊक असतं. ते एक झालं. दुसरं असं, की पंचवीस मिनिटांची युक्ती इथे चालत नाही. मुंबई साडेनऊ-दहा तास लांब. जमिनीवर पस्तीस मिनिटं वाचवून काय, विमान दिवसात एकच जा-ये करणार. इंधनाचा वाटा मोठा, कर्मचाऱ्यांना मुक्कामाला हॉटेल हवं, आणि दहा तास माणसाला उपाशी ठेवता येत नाही. फ्रेडी लेकरच्या स्कायट्रेननं १९७७ मध्ये लंडन-न्यूयॉर्कला हे करून बघितलं, कंपनी १९८२ मध्ये बुडाली. नॉर्वेजियननं मोठी ड्रीमलायनर घेऊन बघितलं, आणि जानेवारी २०२१ मध्ये लांब पल्ल्याच्या फेऱ्या बंद केल्या. मोठ्या कंपन्यांत पुढच्या पलंगवाल्या सीट मागच्यांचा भार उचलतात. इंडिगोनं जुलै २०२५ मध्ये मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅमच्या फेऱ्या सुरू केल्या, त्याही भाड्याची मोठी विमानं घेऊन, आणि त्यात पुढे महागड्या सीट आहेत आणि जेवणही आहे. म्हणजे इथे तिलाही स्वतःचं जुनं पुस्तक बाजूला ठेवावं लागलं.

त्या ताईंना मी सांगितलं ते असं. जायचं-यायचं एकाच तिकिटावर काढा. पॅरिसपर्यंत एक स्वस्त तिकीट आणि तिथून मुंबईचं दुसरं, असा जुगार आई आजारी असताना खेळू नका. पहिलं विमान दोन तास उशिरा आलं तर दुसरी कंपनी तुमची वाट बघायला बांधलेली नाही. आणि तारीख बदलता येणारं तिकीट थोडं महाग असलं तरी घ्या. परतीची तारीख त्या वेळी कोणालाच ठाऊक नसते.