गोड खाणे आणि शरीरातील छुपा दाह



जखमेभोवती सूज येते, ती शरीराची राखण होय. परंतु रोजच्या अति गोड चहाने, खारी-बिस्किटांनी व शीतपेयांनी पोटावर चरबी वाढली, की त्या चरबीतून निघणारी द्रव्ये मंद दाह सतत चालू ठेवतात. तो दुखत नाही, म्हणून कळत नाही. त्यामुळे इन्सुलिनचा प्रभाव घटतो व रक्तवाहिन्या बिघडतात.

वरून घातलेली साखर दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या, म्हणजे सहा चमच्यांच्या आत ठेवावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचविले. कोलाच्या ३०० मिलिलिटरच्या एका बाटलीतच सुमारे ३० ग्रॅम साखर असते!

ईदचा शीरखुर्मा आनंदाने खावा. रोजच्या डब्यात मात्र भाकरी, उसळ, पेरू असावा. मुलांच्या फीची तजवीज आपण करतो, तशीच डब्याचीही करावी, ही विनंती.