टोपीआडचा डोळा



दृष्टिदोष असलेल्या मुलांविषयी आज दोन शब्द बोलावयाचे आहेत. त्यासाठी क्रिकेटपटू मन्सूर अली खान पतौडी यांची हकिकत सांगतो.

१९६१ च्या जुलैत, ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संघाचे कर्णधार असताना, इंग्लंडमधील होव्ह येथे त्यांना मोटार-अपघात झाला. काचेचा तुकडा उजव्या डोळ्यात शिरून त्याची दृष्टी जवळजवळ गेली. वय अवघे वीस. एका डोळ्याने दिसते सारे. परंतु जवळच्या वस्तूच्या अंतराचा नेमका अंदाज येत नाही. पेल्यात ओतलेले पाणी मेजावर सांडे. फलंदाजी करताना एकाचे दोन चेंडू दिसत. त्यांनी सराव सोडला नाही, उभे राहण्याची ढब बदलली, आणि टोपी उजव्या डोळ्यावर ओढून घेऊन त्या डोळ्याने होणारा घोटाळाच बंद केला. डिसेंबर १९६१ मध्ये दिल्लीस पहिली कसोटी, जानेवारीत मद्रासला शतक, आणि मार्च १९६२ मध्ये जखमी नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या जागी भारताचे कर्णधारपद! १९६८ मध्ये त्यांच्याच नेतृत्वाखाली भारताने न्यूझीलंडमध्ये, म्हणजे परदेशात, पहिली मालिका जिंकली. या पराक्रमाचे कौतुक पुष्कळ झाले आहे. शिक्षक या नात्याने मला त्या टोपीचे मोल अधिक वाटते.

अर्थात पतौडी नवाब होते, साधने हाताशी होती. शिवाय आपले काय गेले, हे त्यांस ठाऊक होते. ज्या मुलाचा एक डोळा लहानपणापासून अधू आहे, त्यास ते ठाऊकच नसते. सर्वांना असेच दिसते, अशी त्याची समजूत असते. लगोरीत त्याच्या हातून चेंडू निसटतो, आणि आपण त्यास वेंधळा ठरवून मोकळे होतो.

तरी प्रत्येक मुलाकडून एकेक डोळा तळहाताने झाकून फळ्यावरील अक्षरे वाचून घ्यावीत. यास खडूखेरीज खर्च नाही. दोन डोळ्यांत फरक आढळल्यास पालकांस समजावून मुलास नेत्रतपासणीस पाठवावे. तेही पहिली-दुसरीतच, कारण अधू डोळ्यावरील उपचारास लहान वयातच अधिक गुण येतो. उजवा डोळा अधू असल्यास वर्गाच्या उजव्या बाजूस बसवावे, म्हणजे फळा चांगल्या डोळ्यासमोर राहतो. खेळातून मात्र वगळू नये. आरंभी मोठा चेंडू, हळू टाकलेला, द्यावा.

शाळा उघडताच पहिल्या आठवड्यात ही तपासणी उरकावी. पुढील शाळाभेटीत हजेरीपटाबरोबर ती यादीही मी पाहीन.