आधी मादी, मग शिंगं

मराठी मंडळाच्या अध्यक्षाला वर्षातून एकदाच माइक मिळतो. दिवाळी संमेलनात, तोही जेवणाच्या आधी. मागच्या अध्यक्षांनी त्या वेळात हॉलच्या भाड्याचा हिशेब मांडला, त्यांच्या आधीच्यांनी पुढच्या पिढीच्या मराठीची काळजी वाहिली. प्रस्तुत अध्यक्ष हरणांवर बोलणार आहे.

‘शिकाऱ्याला मत नको’ असा प्रचार मंडळाच्या निवडणुकीत ज्यांनी केला, त्यांची नावं घ्यायचं कारण नाही. विस्कॉन्सिनातल्या मॅडिसनच्या पश्चिमेला त्यांची घरं आहेत, बागेत ट्यूलिप आहेत, आणि दर एप्रिलमध्ये ते ट्यूलिप कोण खातं हे त्यांनाच ठाऊक. त्या महिन्यात फोन मात्र याच अध्यक्षाला येतो : तुमच्या त्या हरणांचं काहीतरी करा हो! उन्हाळी सहलीतलं खिम्याचं प्रकरणही सगळ्यांना पाठ आहे. हरणाचा खिमा साबुदाण्याच्या खिचडीशेजारी ठेवला गेला, चूक झाली, माफी मागून झाली. तरी इतिवृत्तात त्यावर दोन पानं आहेत. विस्कॉन्सिनच्या हरणांवर खुद्द सरकारने गेल्या तीस वर्षांत जे केलं, त्यावर मंडळाच्या कागदपत्रांत एक ओळ नाही.

1996 साली राज्याच्या नैसर्गिक साधनसंपत्ती खात्याने ‘अर्न-अ-बक’ नावाचा नियम आणला. हरणं फार झाली, माद्या कमी केल्याशिवाय आकडा खाली येणार नाही, हा त्यामागचा विचार, आणि हिशेब म्हणून तो खोटा नव्हता. ज्या भागात नियम लागू, तिथे आधी एक बिनशिंगी हरीण, म्हणजे मादी किंवा पाडस, मारायचं, नोंदणी केंद्रावर दाखवायचं, मगच शिंगवाल्या नरावर बंदूक रोखायची. आधी मादी, मग शिंगं. त्या काळातल्या एका नोव्हेंबरात, सकाळी सात वाजता, प्रस्तुत अध्यक्षाच्या मचाणाखालून दहा टोकांच्या शिंगांचा नर गेला. वीस पावलांवर थांबला. ओकची फळं हुंगली, नाकातून वाफ सोडली, मान वळवून शेपटीजवळ चाटलं. खिशात मादीची नोंद नव्हती, म्हणून अध्यक्ष गुडघ्यांवर बंदूक आडवी ठेवून बसून राहिला. त्याच दुपारी पलीकडच्या शेतात एक बार ऐकू आला. शेजाऱ्याने ऑक्टोबरातच धनुष्यबाणाने मादी पाडून नोंद करून ठेवली होती. ती शिंगं आज त्याच्या गॅरेजात स्नो ब्लोअरच्या वर टांगलेली आहेत. त्यावर टोपी अडकवलेली असते. टोपी!

विधिमंडळाने हा नियम 2011 साली रद्द केला. अध्यक्षाच्या मनातून तो रद्द झालेला नाही.

खात्याची बाजू घेणारे लगेच वन्यजीवतज्ज्ञ आल्डो लिओपोल्ड यांचं नाव काढतात. काढू द्या. लिओपोल्ड राज्याच्या संवर्धन आयोगावर होते तेव्हा, 1943 च्या मोसमात, माद्याही मारायची मुभा मिळाली, सव्वा लाखाहून अधिक हरणं पडली आणि लोकांनी त्या वर्षाला ‘त्रेचाळीसचा गुन्हा’ म्हटलं. उत्तरेकडच्या जंगलात हरणं उपाशी मरत होती आणि कोवळी झाडं खाऊन टाकत होती, हे लिओपोल्ड यांचं म्हणणं खरं होतं. पण लिओपोल्ड स्वतः धनुष्य घेऊन रानात जाणारे. सॉक काउंटीतल्या त्यांच्या खोपटाभोवतीची जमीन त्यांच्या पायांखालची होती. खात्याचा हल्लीचा आकडा मात्र ‘लिंग-वय-शिकार’ अशा सूत्रातून निघतो : मारलेल्या हरणांत नर किती, माद्या किती, वय काय, त्यावरून रानातली एकूण हरणं. 2006 मध्ये बाहेरच्या शास्त्रज्ञांना बोलावून सूत्राची तपासणी करावी लागली, इतका त्यावर अविश्वास होता. उणे तापमानात मोसमाचे नऊ दिवस मचाणावर बसलेल्या माणसाला मात्र कोणी विचारत नाही की बाबा, तू किती पाहिलीस?

त्यात 2002 उजाडलं. माउंट होरेबच्या परिसरात मारलेल्या तीन हरणांत ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ सापडला. मेंदू पोखरणारा, प्रथिनाच्या बिघाडातून होणारा, औषध नसलेला रोग. खात्याने चारशेहून अधिक चौरस मैलांचा पट्टा आखला आणि जाहीर केलं की यातली हरणं संपवायची. कमी नव्हे, संपवायची. फ्रीझर भरा, पण खाण्याआधी तपासून घ्या, असा दुहेरी निरोप आला आणि त्या वर्षी परवान्यांची विक्री घसरली. पुढे काही वर्षांनी ‘संपवायची’ हा शब्द गुपचूप मागे पडला. हरणंही राहिली आणि रोगही राहिला, काउंटीमागून काउंटी पसरत गेला.

मग 2011 मध्ये राज्यपाल स्कॉट वॉकर यांनी टेक्सासहून जेम्स क्रोल हे तज्ज्ञ नेमले. गावचं भांडण मिटवायला परगावचा पंच, तसं. त्यांच्या 2012 च्या अहवालानंतर 2014 पासून प्रत्येक काउंटीत हरीण सल्लागार समिती आली. शिकारी, शेतकरी, जंगलवाले, पर्यटनवाले असे सगळे एका टेबलाशी बसतात आणि दर तीन वर्षांनी ठरवतात की हरणं वाढवायची, राखायची की घटवायची. प्रयोग चांगला आहे. त्या टेबलाशी अध्यक्षाचे दोन मित्र बसतात, म्हणून नव्हे. खरंच चांगला आहे. उत्तरेकडच्या थंडीचा निर्देशांकही अध्यक्षाला मान्य आहे, कारण तो कोणालाही अंगणात मोजता येतो : ज्या दिवशी जमिनीवर अठरा इंच किंवा अधिक बर्फ त्याचा एक गुण, ज्या दिवशी पारा शून्य फॅरनहाइटवर किंवा त्याखाली त्याचा एक. काही मित्र हरणांना आमिष टाकायला बंदी असलेल्या काउंटीत मक्याची पोती ओततात, काही जण मारलेल्या हरणांची डोकी रोगाच्या तपासणीला देत नाहीत, असं ऐकिवात आहे. त्यावर बोलण्याची ही वेळ नव्हे. फेब्रुवारी 2021 मध्ये 119 लांडग्यांची मर्यादा असताना तीन दिवसांच्या आत 218 मारले गेले, तो विषयही आज नको. 2022 च्या नऊ दिवसांच्या बंदुकीच्या मोसमात दोन लाखांवर हरणं पडली, 2023 ला पावणेदोन लाखांच्या आत. कोणी हवेला दोष दिला, कोणी लांडग्यांना.

अध्यक्षाचे आजोबा कर्जत तालुक्यातले, नगर जिल्ह्यातले. रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य 1980 साली झालं, त्यांची ज्वारी त्याच्या आधीपासून तिथे होती. कणसात दाणा भरला की आजोबा माळ्यावर चढत, हातात गोफण. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला हात लावायची सोय नव्हती, आणि आजोबांची इच्छाही नव्हती. ते फक्त हाकलत आणि मोजत. रात्री भाकरी मोडताना सांगत : आज चाळीस होती, दोन पिलं नवी. वनरक्षक सायकलवरून येई, बांधावर बसून कोरा चहा पिई आणि आजोबांचा आकडा वहीत उतरवून घेई. त्या वहीचं पुढे काय होई देव जाणे. पण विचारलं जाई.

असंच विचारणं विस्कॉन्सिनात होतं ते नोंदणी केंद्रावर. पेट्रोल पंपापुढे, बारच्या दारात, किराणा दुकानाच्या अंगणात. अध्यक्ष पहिली मादी घेऊन गेला तेव्हा खात्याच्या एका जीवशास्त्रज्ञ बाईंनी पिकअपच्या मागच्या फळीवर टेकून तिचा जबडा उघडला, बॅटरी आत मारली आणि तिसरी उपदाढ दाखवली. “तीन उंचवटे दिसले? दुधाची आहे, अजून पडलेली नाही. दीड वर्षाची.” मग विचारलं, कुठे मारलीस, बरोबर किती होती, नर दिसले का. रांगेतल्या माणसांनी आपापली भर घातली. कोणी खात्याला शिव्या दिल्या, बाईंनी त्या हसून ऐकल्या आणि पुढचा जबडा उघडला. 2015 पासून नोंदणी फोनवर किंवा ऑनलाइन. बर्फात उभं राहून बटणं दाबायची, पुष्टी क्रमांक घ्यायचा, संपलं. शिव्या ऐकायलाही कोणी नाही. आपल्या मंडळानेही पावतीपुस्तक बंद करून सगळं व्हॉट्सअॅपवर नेलं तेव्हा कार्यकारिणीत एकट्याने विरोध कोणी केला, हे इतिवृत्तात आहे. त्याच इतिवृत्तात, खिम्याच्या मागच्या पानावर.

तर मागणी एवढीच : मोसमाच्या पहिल्या शनिवार-रविवारी प्रत्येक काउंटीत किमान एक नोंदणी केंद्र पुन्हा सुरू व्हावं, आणि तिथे जबडा उघडणारं माणूस असावं. लोकांचं मत खात्यापर्यंत नेणाऱ्या, 1934 पासून चालत आलेल्या ‘कन्झर्व्हेशन काँग्रेस’च्या एप्रिलमधल्या सुनावण्या 72 काउंट्यांत होतात. कोणाही नागरिकाला तिथे ठराव मांडता येतो, प्रस्तुत अध्यक्ष डेन काउंटीत मांडणार आहे. मतदानाला शिकारीचा परवाना लागत नाही, ट्यूलिपवाल्यांनाही मत देता येतं. मत हल्ली ऑनलाइन देता येतं, आणि ही सोय या एका कामापुरती अध्यक्षाला मान्य आहे.

खिम्याचं पातेलं या वेळी वेगळ्या टेबलावर आहे, दाराजवळ, ठळक अक्षरांत पाटी लावून. हरीण मागच्या मोसमातलं, डोकं तपासणीला दिलं होतं, रोग नसल्याचं कळवणारा कागद पातेल्याशेजारी ठेवला आहे. ठरावाचा मसुदा त्याच्या खाली आहे. पेन दोरीने बांधलेलं आहे, मागच्या वर्षीचं कोणीतरी नेलं.