मंगळागौरीचे जागरण



माझी शाळा सातवीपर्यंतच झाली. भाषणाची सवय नाही. पण फुगडी-झिम्म्याविषयी बोलायला पदवी लागत नाही, म्हणून उभी राहिले आहे.

श्रावणातल्या मंगळवारी नव्या लग्नाची मुलगी मंगळागौर पुजते. हे व्रत पाच वर्षे चालते. पूजा सकाळी आटोपते, रात्र मात्र खेळांची. १९२९ साली शारदा कायदा झाला, तेव्हा कुठे मुलीच्या लग्नाचे वय १४ ठरले. त्याआधी आठ-दहा वर्षांच्या पोरी सासरी जात. तिथे मोठ्याने हसायचीही चोरी. पदर खोचून नाचायला आणि गाण्यातून सासूला टोला हाणायला त्यांना ही रात्र मिळे.

गेल्या श्रावणात एका मैत्रिणीच्या लेकीच्या मंगळागौरीला आम्ही शाळेतल्या पाचजणी कितीतरी वर्षांनी एकत्र आलो. कोणाचे गुडघे दुखत होते, कोणाला रक्तदाब. पण पिंगा सुरू झाला आणि दुखणी कुणाला आठवेनात. लाटणी झाली, सुपे झाली, बसफुगडी झाली. मध्यरात्री भाजणीचे वडे आणि मटकीची उसळ यांवर ताव मारला, तो वेगळाच.

आमच्यातली एकजण विधवा आहे. ती उंबऱ्यातच थबकली. यजमानीण म्हणाली, "अगं, पूजा सकाळीच झाली. आता नुसता खेळ. सातवीतली फुगडी अर्धी राहिलीय आपली, चल!" आणि हात धरून तिला आत ओढले. कोपऱ्यात कुजबुज झाली. पण पहाटेपर्यंत सगळ्यांना दमवले ते तिनेच.

भगिनींनो, व्रत सुवासिनीचे असेल, पण फुगडीला दोन हात पुरतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद केले. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवायला सांगितले. एका गावाला जमले, ते आपल्या मंडळाला का जमू नये?

म्हणून माझी सूचना अशी : येत्या श्रावणात मंडळाने एक रात्र जागरण ठेवावे. आमंत्रणावर 'सौ.' न घालता नुसते नाव लिहावे. प्रत्येकीने आपली एक जुनी मैत्रीण आणावी. आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा घरातल्या पुरुषमंडळींनी करावा!