गल्लीची बातमी गल्लीनेच लिहावी

(इचलकरंजी येथील एका वस्तीतील वाचनालयाच्या वार्षिक सभेत एका यंत्रमाग कामगाराच्या मुलाने केलेले हे भाषण. पेठेतील कारागीर व खेड्यातील शेतकरी अशा दोघांसही ते उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे देत आहोत.)



'आपल्या शहरातील घडामोडी' या विषयावर मी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली आहे. मी काही मोठा विद्वान नव्हे. माझे वडील वहिफणीचे काम करीत. म्हणजे ताण्याचा एकेक धागा वहीतून व फणीतून ओवून देत. आई कांड्या भरी. एक धागा चुकला तर सगळ्या कापडात रेघ उमटते, एवढे शिक्षण मला घरीच मिळाले. आज जे सांगणार आहे ते त्याच शिक्षणाच्या जोरावर.

आपले शहर तसे लहान. पण त्याची हकीकत लहान नाही. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी येथे पहिला यंत्रमाग आणला, आणि पुढे ह्या गावाला लोक महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणू लागले. १८९३ सालची नगरपालिका २०२२ साली महानगरपालिका झाली. त्यानंतर प्रशासकाचा कारभार चालला आणि पहिली निवडणूक २०२६ च्या जानेवारीत झाली. एवढ्या गोष्टी पुस्तकात सापडतात. पण मी विचारतो, आपल्या गल्लीत गेल्या महिन्यात काय घडले, हे कोठे सापडते? पाणी किती दिवसांनी आले? किती मुलांनी शाळा सोडली? किती माग बंद पडले? ह्याची नोंद कोणाच्या वहीत आहे?

तुम्ही म्हणाल, बातम्यांना काय तोटा! मलाबादे चौकात उभे राहा, नाही तर थोरात चौकाच्या बाजारात जा. जिकडे तिकडे फलक. कोणाचा वाढदिवस, कोणाची निवड, कोणाला हार्दिक शुभेच्छा. एका फोटोभोवती चाळीस फोटो. ज्याने फलक लावला त्याचीच बातमी, आणि तिचे पैसे देणाराही तोच. खिशातल्या फोनवर पाहावे तर सकाळपासून दोनशे निरोप. त्यांतले दीडशे सुप्रभाताचे, आणि उरलेले कोणी लिहिले, कोठले आहेत, केव्हाचे आहेत, हे ब्रह्मदेवाच्या बापाला ठाऊक नाही. पूर आला आहे पण प्यायला घोटभर पाणी नाही, तशी आपली बातम्यांची स्थिती आहे.

पुराचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. २०१९ चा आणि २०२१ चा महापूर येथे बसलेल्या सर्वांनी पाहिला आहे. त्या दिवसांत आमच्या फोनवर एक निरोप फिरत होता: "पाणी ४३ फुटांवर, धोका!" आमच्या गल्लीत एकच पळापळ झाली. म्हातारी माणसे रिक्षात घातली, शेरडे-करडे सोडून दिली, एका घरी तर चुलीवरचा भात तसाच टाकून माणसे बाहेर पडली. आता पाहा, ४३ फूट ही धोक्याची पातळी खरीच. पण ती कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची. तेथे ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका. आपल्या इचलकरंजीत पंचगंगेची मोजपट्टी वेगळी. येथे ६८ फुटांवर इशारा आणि ७१ फुटांवर धोका. आकडा खरा होता, पण गाव गळले होते! आणि याच्या उलट झाले असते तर? "अजून तर साठच फूट आहे, ७१ ला वेळ आहे" असा येथला हिशेब कोणी कोल्हापूरच्या पाहुण्याला सांगितला असता, तर तो बिचारा घरात बसून बुडाला असता. खोट्या बातमीने माणूस फसतो हे आपण जाणतोच. पण अर्ध्या खऱ्या बातमीने तो अधिक फसतो, कारण तिच्यावर त्याचा विश्वास बसतो.

आता दुसरी गोष्ट सांगतो. ती सांगताना मला अजून जड जाते.

२०१२ च्या उन्हाळ्यात ह्या शहरात काविळीची साथ आली आणि माणसे दगावली. आमच्या घरी धाकटी बहीण आजारी पडली. आई म्हणाली, "रस्त्यावरचा उसाचा रस बाधला." शेजारी एकजण पडला. ते म्हणाले, लग्नातले जेवण बाधले. पलीकडच्या घरी सुनेला झाली, तेव्हा सासूने दृष्ट काढली. कोणी गळ्यात माळ घातली, कोणी झाडपाल्याचे औषध आणले. प्रत्येकाने आपापल्या घरचे दुखणे आपापल्या घरात झाकून ठेवले. काहींना तर लाज वाटे, की लोक काय म्हणतील.

आमच्या नळावर एक मावशी पाणी भरावयास येत. त्यांना अक्षर येत नव्हते. एके सकाळी रांगेत उभ्या राहून त्यांनी बोटे मोजली आणि म्हणाल्या, "आपल्या नळावर अकरा घरं. त्यांतल्या सात घरांत कावीळ. पलीकडं बोअरचं पाणी भरतात, तिथं एकबी नाही. मग ह्या साती घरांनी काय एकाच गाड्यावरचा रस पिला व्हय?"

रांग गप्प झाली. त्या दिवसापासून आमच्या गल्लीत पाणी उकळू लागले. माझी बहीण वाचली. समोरच्या घरातला तरणा मुलगा वाचला नाही. तो मागावर कामाला होता आणि मावशीने बोटे मोजली त्याच्या आधीच अंथरुणाला खिळला होता.

पाणी कोठे बिघडले, दोष कोणाचा, हा वाद मी आज येथे उकरून काढीत नाही. मी एवढेच म्हणतो, की एका घरातली कावीळ हे त्या घरचे दुखणे असते. सात घरांतली कावीळ मोजली की ती पाण्याची बातमी होते. मोजले नाही तोवर ते नशीब. मोजले की त्याला कारण सापडते, आणि कारण सापडले की उपाय सापडतो. मावशीने जे केले ते आठ दिवस आधी कोणी केले असते, आणि पलीकडच्या दहा गल्ल्यांतही केले असते, तर किती चुली विझावयाच्या राहिल्या असत्या! हा विचार माझ्या मनातून गेली इतकी वर्षे जात नाही.

बंधुभगिनींनो, ही शिकवण काही नवी नाही. आपल्या वाडवडिलांनी ती घालून दिली आहे. कृष्णराव भालेकरांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यास 'दीनबंधु' पत्र काढले, ते शेतकऱ्याची व कारागिराची हकीकत छापली जावी म्हणून. १८८० साली नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते मुंबईस नेले आणि गिरणीतल्या माणसाचे हाल त्यात मांडले. गिरणी कामगार थकतो हे कोणाला ठाऊक नव्हते? सर्वांना ठाऊक होते. पण १८८४ साली लोखंड्यांनी सभा भरविल्या, ५,५०० कामगारांच्या सह्या घेतल्या आणि आठवड्यास एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा अशा मागण्या कागदावर उतरविल्या. तेव्हा १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळाली. आज देशभर लोक रविवारी उशिरा उठतात, तेव्हा त्या सह्यांची आठवण किती जणांना होते? मुकुंदराव पाटलांनी 'दीनमित्र' तर नेवासे तालुक्यातील तरवडीसारख्या खेड्यातून चालविला. शहराची वाट पाहत ते बसले नाहीत. खेड्याची बातमी खेड्यात बसून लिहिली.

मग आपल्या हाती काय आहे? माझी सूचना अगदी साधी आहे. प्रत्येक गल्लीने एक वही घालावी. दोनशे पानी, साधी, दुकानात मिळते ती. ती वाचनालयात आणून ठेवावी. दर रविवारी संध्याकाळी गल्लीतली दोन माणसे, त्यांतली एक बाई असलीच पाहिजे, येऊन त्या आठवड्याची नोंद करतील. बाई का, ते मावशीच्या गोष्टीवरून उमगले असेल. नळावर, कांडी मशीनवर, शाळेच्या दारात, दवाखान्याच्या बाकावर बायकाच असतात. खरी बातमी त्यांच्याजवळ असते. आपण पुरुष चहाच्या गाड्यावर दिल्लीच्या गोष्टी बोलत बसतो.

वहीत काय लिहावे? पहिले, पाणी: कोणत्या दिवशी आले, किती वेळ आले, गढूळ होते की स्वच्छ. उन्हाळ्यात चार-चार, पाच-पाच दिवस पाणी येत नाही अशी ओरड आपण करतो. पण तारखा विचारल्या की तोंडाकडे पाहतो. दुसरे, आजार: ताप, जुलाब, कावीळ किती घरांत. येथे माणसाचे नाव लिहू नये, घरांची संख्या तेवढी लिहावी. तिसरे, काम: किती माग चालले, किती बंद, मजुरी कोणत्या दराने मिळाली. आपली मजुरी पिकावर ठरते, हे मागवाल्याच्या पोरालाही ठाऊक आहे. पण भिंग लावून पीक स्वतः मोजणारे आणि ते लिहून ठेवणारे किती? चौथे, शाळा: कोणते मूल जात नाही व का. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित खाजगी शाळांतही पहिल्या पायरीच्या २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घरांच्या मुलांसाठी ठेविल्या आहेत. अर्जाची मुदत येते आणि जाते. फोन हातात असूनही ती बातमी आपल्या गल्लीत पोहोचत नाही, हे नवल नव्हे काय?

आणि पाचवे, आनंद. तोही लिहावा. कोणाची मुलगी परिचारिका झाली, कोणी कुस्ती मारली, बेंदराला गावभागात कर तोडण्यास किती गर्दी लोटली, कोणाच्या बैलाने लाकूड ओढण्यात बाजी मारली. दुःखाचीच नोंद ठेवणारे गाव खचते. आपल्यातही गुणी माणसे आहेत हे पोरांनी वाचले पाहिजे, नाही तर मोठेपण फक्त फलकावरच असते असे त्यांना वाटू लागेल.

नियम चारच. कोठे, केव्हा, किती आणि कोणी पाहिले. ह्या चार प्रश्नांची उत्तरे नसतील ती गोष्ट वहीत चढवू नये, मग ती कितीही चुरचुरीत असो. कोणाच्या घरची भांडणे, कोणाच्या लेकीसुनेची चर्चा ह्यांस वहीत जागा नाही. तो वर्तमानपत्राचा धंदा नव्हे, चहाडीचा आहे. चूक झाली तर खोडू नये. तिच्याखाली तारीख घालून दुरुस्ती लिहावी, म्हणजे वही खरी ठरेल.

कोणी म्हणेल, वहीने काय होणार? ऐका. महानगरपालिकेची सभा सामान्यतः लोकांना खुली असते. तेथे जाऊन "पाणी येत नाही हो" म्हणणाऱ्याला 'बघू' असे उत्तर मिळते. "अमुक महिन्यात अमुक तारखांना पाणी आले, एकूण इतके दिवस, ही वही, ह्या सह्या" असे म्हणणाऱ्याला बघू म्हणून वाटेला लावता येत नाही. उत्तर मिळालेच नाही तर २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा आहे. १० रुपयांचे तिकीट लावून अर्ज करावा. दारिद्र्यरेषेखालील माणसाला तेही लागत नाही. सामान्यपणे ३० दिवसांत माहिती द्यावी लागते. पण काय विचारावे हे ज्याला ठाऊक, त्यालाच हा कायदा उपयोगी; आणि काय विचारावे ते वही सांगेल.

माझ्या शेतकरी बांधवांनाही हेच सांगणे आहे. कबनूर, चंदूर, यड्राव, तारदाळ येथली मंडळी समोर बसली आहेत. माग आणि नांगर एकाच पंचगंगेच्या काठचे आहेत. तुमच्या विहिरीचे पाणी, तुमच्या भाजीला थोरात चौकात मिळालेला भाव, तुमच्या शिवारात पूर किती दिवस थांबला, हे लिहा. शहराच्या वहीशेजारी शिवाराची वही असली, तर एकाचा दोष दुसऱ्यावर ढकलणाऱ्यांची पंचाईत होईल.

मावशी आज ह्या सभेत नाहीत. काही वर्षांपूर्वी त्या वारल्या. त्यांची बातमी कोठे छापून आली नाही, फलकही लागला नाही. म्हणून मी आज येताना एक वही घेऊन आलो आहे. तिच्या पहिल्या पानावर मी लिहिले आहे: "आमच्या नळावर अकरा घरे होती. सात घरांत कावीळ होती. एका अडाणी म्हणविलेल्या बाईने ती मोजली." ही वही अध्यक्षमहाराजांच्या स्वाधीन करतो. दुसरे पान कोरे आहे. ते येत्या रविवारी भरले गेले, तर मी बोललो त्याचे सार्थक झाले असे समजेन.