नासलेलं दूध, उरलेली भाजी



सौ.ला मधुमेह निघाल्यापासून आमच्याकडे भात-पोळी निम्म्यावर आली. भाकरी मात्र सुटत नाही म्हणते, अर्धी देतो. मग पोट कशानं भरायचं? मे महिन्यात दूध नासलं की मी खूश! फडक्यात गाळायचं, पाणी आमटीत, चोथ्याची कांदा-मिरची घालून भुरजी. कुबट वास आला तर मात्र सरळ फेकायचं. कालची कोबीची भाजी फ्रिजमध्ये असेल, तर दोन अंडी फोडून त्यातच परतायची. खारट झालेली असेल, तर तीन. बँकेत बुडीत खात्यातून वसुली करायचो, तसंच हे!

एक सांगतो. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील, तर भात-पोळी कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा. साखर एकदम खाली जाऊ शकते, आणि चक्कर जिन्यातच येते.