प्रिंटर रुसला नव्हता, पत्ता चुकला होता

आजचा भाग लिनक्स आणि वायफाय प्रिंटर या जोडीवर. विषय कोरडा वाटेल, पण थांबा, यात माझी फजिती आहे.

मागच्या नोव्हेंबरची गोष्ट. बाबांना बँकेत हयातीचा दाखला द्यायचा होता. फॉर्म आणि आधारची प्रत, एवढंच छापायचं होतं. त्यांचा जुना लॅपटॉप रखडत चालायचा, म्हणून त्यावर मीच उबुंटू टाकून दिलेलं. नवा प्रिंटर वायफायला जोडला तोही मीच. आणि बाबांनी प्रिंट द्यायला घेतली तर यादीत प्रिंटरच नाही.

मी इंजिनिअर ना! लगेच निदान केलं: ड्रायव्हर नसणार. दोन तास एक ड्रायव्हर टाक, दुसरा काढ, हेच चाललं. शेवटी हाताने एक प्रिंटर यादीत घातला, तर प्रिंट नुसती रांगेत उभी. बाबा म्हणाले, "राहू दे रे. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सअ‍ॅप करतो, दोन मिनिटांचं काम."

ते मला लागलं. माझ्या लिनक्सपायी बाबांचं आधार आणि पेन्शन खात्याचा नंबर दुकानातल्या कॉम्प्युटरवर जाऊन पडणार. दुकानदार वाईट आहे असं नाही. पण गर्दीत ती फाइल आठवणीने डिलीट कोण करणार?

मग मी जे सगळ्यात आधी करायला हवं होतं ते केलं. फोन काढला आणि फोनवरून प्रिंट देऊन बघितली. फोनलाही प्रिंटर दिसेना! म्हणजे दोष लिनक्सचा नव्हताच.

हे असं का, ते सांगतो. लिनक्सवर छपाई सांभाळतं ते कप्स. मायकल स्वीट यांनी १९९७ मध्ये ते लिहायला घेतलं. पुढे २००७ मध्ये अ‍ॅपलने ते विकत घेतलं आणि आजही मॅकवर तेच चालतं. २०१० मध्ये अ‍ॅपलने एअरप्रिंट आणलं आणि त्यानंतर बहुतेक वायफाय प्रिंटर एक सामायिक भाषा बोलायला लागले, तिचं नाव आयपीपी. त्यामुळे एअरप्रिंट, मोप्रिया किंवा आयपीपी एव्हरीव्हेअर यांपैकी काही खोक्यावर लिहिलेलं असेल, तर आजच्या लिनक्सवर सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. माझे दोन तास गेले ते नको असलेली गोष्ट शोधण्यात.

आता प्रिंटर सापडतो कसा? चाळीतल्यासारखा. लॅपटॉप मोठ्याने हाक मारतो, "प्रिंटर कोणी आहे का?" आणि प्रिंटर ओ देतो. या पद्धतीला एमडीएनएस म्हणतात. लिनक्सवर हे काम अवाही नावाचा प्रोग्रॅम बघतो. पण हाक त्याच चाळीत ऐकू येते, पलीकडच्या इमारतीत जात नाही.

मी प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्कचा रिपोर्ट छापला. त्यावर आयपी पत्ता असतो. लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होणारा, प्रिंटरचा १९२.१६८.५ ने. इमारतच वेगळी! मग आठवलं. प्रिंटरच्या इवल्याशा स्क्रीनवर लांब पासवर्ड टाकायचा कंटाळा आला, म्हणून मी त्याला पाहुण्यांसाठीच्या गेस्ट वायफायवर जोडला होता. गेस्ट वायफाय असतंच मुळी पाहुण्यांना घरातल्या यंत्रांपासून लांब ठेवायला. राउटर त्याचं काम चोख करत होता, चूक माझी होती.

प्रिंटर घरच्या वायफायवर घेतला. मिनिटभरात तो आपणहून यादीत आला. मी हाताने घातलेला जुना प्रिंटर काढून टाकला, नाहीतर प्रिंट परत त्याच्याच रांगेत गेली असती. बाबांनी बटण दाबलं आणि कागद बाहेर.

तर तुमच्याकडे असं झालं तर हा क्रम लक्षात ठेवा. आधी फोनवरून प्रिंट देऊन बघा. फोनलाही प्रिंटर दिसत नसेल तर दोन्हीकडचे आयपी पत्ते ताडून बघा. पत्ते जुळत असूनही दिसत नसेल तर राउटरमध्ये एपी आयसोलेशन किंवा क्लायंट आयसोलेशन चालू आहे का बघा. फोनवरून प्रिंट निघतेय पण लॅपटॉपवरून नाही, तर लॅपटॉपच्या फायरवॉलमध्ये यूडीपीचा ५३५३ पोर्ट अडलाय का तपासा. प्रिंट रांगेतच अडकली असेल तर ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, कोलन, ६३१ टाइप करा. तिथे कप्सचं पान उघडतं आणि रांग दिसते. ड्रायव्हरकडे वळायचं ते या सगळ्यानंतर. प्रिंटर खूप जुना असेल तर मात्र तो लागू शकतो.

मी उलट्या टोकाने सुरुवात केली, कारण लिनक्स म्हटलं की ड्रायव्हरची भानगड, हे डोक्यात पक्कं बसलेलं. ऑफिसमध्ये दुसऱ्यांना "आधी लॉग बघा" सांगणारा मी, घरी मात्र न बघताच औषध देत सुटलो.

बाबा दाखला घेऊन बँकेत गेले. जाताना म्हणाले, "दोन तास लागले, पण आधार घरातच राहिलं हे बरं झालं." तेवढी शाबासकी मला पुरे. भेटू पुढच्या भागात!